कोणाला कुठे बसवायचं

नॉर्वेच्या वरच्या टोकाला या गावात
बाहेर जेवायला जायचं म्हणजे आमच्याकडेच यायचं.
पुढचं हॉटेल खाडीपलीकडे, ब्याण्णव किलोमीटरवर,
तेही ऑक्टोबरात कुलूप लावतं.
म्हणून माझं खरं काम वाढण्याचं नाही,
बसवण्याचं आहे.

टेबलं सहा. पूर्वी इथे मासेमारीची जाळी विकायचे.
छताला आकडे अजून तसेच,
विलायवान मावशीनं त्यांना कागदी कंदील टांगलेत.

एइलर्ट आणि त्याचा भाऊ हल्वोर
बापाच्या बोटीपायी अकरा वर्षं बोलत नाहीत.
एकाला खिडकीशी, एकाला शेगडीच्या बाजूला,
मध्ये फ्रिज.
दोघंही तेच मागवतात: कॉड घातलेली हिरवी करी, मिरची एक.
दोघांचाही भात आधी संपतो
आणि मग दोघंही वाडग्याकडे बघत बसतात.
मी न विचारता भात आणते,
दोन खेपा, दोन वाटांनी.

राग्नफ्रिदबाई शाळेत गणित शिकवायच्या.
पहिल्या वेळी म्हणाल्या, सूप आंबट आहे.
मावशी म्हणाली, आंबटच असतं.
दुसऱ्या वेळी म्हणाल्या, अजूनही आंबट आहे.
आता दर गुरुवारी तक्रार करायला येतात,
वाडगा तिरका करून तळ गाठतात,
आणि गवती चहाच्या काड्या ताटलीच्या काठावर
मोजून, एका रेषेत मांडून ठेवतात.

सिग्वे बँकेतला, कर्जाच्या खिडकीमागचा.
तो आला की निदान तीन टेबलं
मान खाली घालून नूडल्स खातात.
त्याला मी भिंतीकडे तोंड करून बसवते.
भिंतीवर हत्तीचं चित्र आहे.
त्याला वाटतं, ही मानाची जागा.

तिखट किती? हे मला या भाषेत
न अडखळता आलेलं पहिलं वाक्य.
थोडंसं, म्हणतात सगळे.
आमच्या उदोनला थोडंसं म्हणजे सहा मिरच्या.
इथे थोडंसं म्हणजे मिरचीची सावली.
आम्ही सावली वाढतो. पैसे सावलीचेच मिळतात.

फेब्रुवारीत त्या रात्री घाटाचा रस्ता बंद झाला.
बस अडकली, दारात एकदम अठरा माणसं:
हँडबॉलच्या सामन्याला निघालेल्या मुली,
त्यांच्या पिशव्या, त्यांचे ओले बूट,
आणि एक ड्रायव्हर, जो सगळ्यांची माफी मागत होता
जणू बर्फ त्यानंच पाडला.

टेबलं जोडावी लागली.
माझा दोन वर्षांचा नकाशा
दहा मिनिटांत कोलमडला.
सिग्वे हत्तीपासून उठला तो थेट
त्याच्याच तीन कर्जदारांच्या मांडीला मांडी लावून बसला.
फ्रिजच्या या बाजूला, एकाच बाकावर, दोघे भाऊ,
मधे एक गोलकीपर पोरगी, जी लगेच झोपली.

करी संपली. नूडल्स संपल्या.
उरलं फक्त मावशीनं आम्हा दोघींसाठी
मागच्या शेगडीवर ठेवलेलं पातेलं.
तिनं ते उचललं. मी म्हटलं, नको.
ती म्हणाली, भूक काय भाषा विचारते?

मग बराच वेळ फक्त नाकं ओढल्याचा आवाज.
ड्रायव्हरनं टोपी काढली. सिग्वेचं टक्कल लालबुंद.
एइलर्टच्या डोळ्यांतून धारा,
त्यानं पाण्याच्या जगाकडे हात नेला
आणि हल्वोर, समोर बघतच, म्हणाला,
"पाण्यानं वाढतं. भात खा."

अकरा वर्षांनी. पाच शब्द.
बाकी कोणाचं लक्षही नव्हतं,
फक्त राग्नफ्रिदबाईंचा चमचा हवेत थांबला.
मग त्या म्हणाल्या, आज आंबट नाहीये,
आणि खरोखर हिरमुसल्या.

पहाटे बर्फ हटवणारी गाडी आली.
मी टेबलं परत जागच्या जागी लावली.

शुक्रवारी एइलर्ट खिडकीशी. हल्वोर शेगडीपाशी.
तिखट किती, मी विचारलं.
"दोन," एइलर्ट म्हणाला,
लागतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात.
फ्रिजपलीकडे कोणीतरी खाकरलं.

फ्रिज जरा सरकवू का, मी आत जाऊन विचारलं.
मावशी लसूण ठेचत होती.
म्हणाली, वायर तेवढीच आहे.